सवतीचा टाक

मला दोन आया होत्या. एक माझ्यावर खेकसायची, मला घासून आंघोळ घालायची, माझ्या डोक्यातल्या उवा मारायची. आणि दुसरी तिच्या गळ्यात असायची. काळ्या दोऱ्यात ओवलेला, अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठसा मारून उठवलेली एक उभी बाई. ह्याला टाक म्हणतात. माझी जन्मदाती गंगा मला जन्म देताना गेली, आणि लेकरू सांभाळायला घरात बाई हवीच म्हणून बानं लगोलग दुसरं लग्न केलं. आमच्यात तेव्हा रीत अशी होती, की दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा. म्हणजे मेलेली सवत रुसत नाही, संसारात बिब्बा घालत नाही. माझ्या ह्या दुसऱ्या आईचं नाव केराबाई, पण मी तिला मायच म्हणायची, आणि ह्या प्रकरणात माय म्हटलं की ती.

साखऱ्यात आमचं घर गावाच्या कडेला, मेंढरांच्या वाड्याला चिकटून. सकाळ व्हायची ती कोकरांच्या ओरडण्यानं आणि बाच्या खोकल्यानं. माय उठली की आधी टाकाला कुंकू लावायची, मग स्वतःला. चुलीवरची पहिली भाकरी उतरली की तिचा एक तुकडा मोडायची, गळ्यातल्या टाकाला लावायची आणि तोच माझ्या तोंडात घालायची. त्यावर कधी अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा, एखादी मेंढी व्यालेली असली तर खरवस. रोजचा पहिला घास मी माझ्या मेलेल्या आईचा उष्टा खाल्ला, असं म्हणा ना. आणि माय तिच्याशी बोलायची, अगदी शेजारणीशी बोलावं तशी. "गंगे, बग बाई तुझी लेक. आंघुळीला ये म्हनलं तर कोकरात जाऊन बसली. हे गुन तुझे का ह्यांचे, सांग बरं!" गंगा काही सांगायची नाही. मग मायच दोन्हीकडून बोलून घ्यायची आणि निकाल नेहमी माझ्याविरुद्ध लागायचा.

त्या टाकात माझ्या आईचं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. हिंगोलीच्या सोनाराकडं ठसा एकच. कुणाचीही पहिली बायको मरो, बाई तीच, तशीच उभी, तसाच एक हात वर. नाकडोळे म्हणजे तीन टिंबं. पण आमच्या घरात फोटो नावाची वस्तू नव्हती, त्यामुळं आई म्हटलं की मला तीच टिंबं दिसायची. आजही दिसतात. सत्तरीला टेकलेली बाई मी, आयुष्यभर नर्स म्हणून बाळंतपणं केली, आणि आईचा चेहरा विचारला तर तीन टिंबं. हसू येतं कधीकधी.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. गावात कुणाच्या कंबरेत लचक भरली की मला बोलावणं यायचं. मी त्या माणसाच्या कमरेला पाय लावायचा आणि त्यानं बरं व्हायचं, अशी समजूत. माणूस बरा व्हायचाही, किंवा तसं म्हणायचा. मला मूठभर शेंगदाणे मिळायचे. पण शेंगदाणे खात घरी आले की थोरली चुलती, म्हणजे बाच्या भावाची बायको, ओसरीवरून म्हणायचीच, "आली का पायाळी! आईला खाऊन आली ती आली, अजून पोट भरंना व्हय गं?" बाई तोंडाची फाटकी होती, मनात काही नसेलही तिच्या. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. ज्या पायानं लोकांच्या कमरा बऱ्या होतात, त्याच पायानं मी आईला मारलं. मायच्या मांडीवर पडले की टाक माझ्या गालाला लागायचा, गार. मी डोळे मिटून घ्यायची. वाटायचं, ही वरून बघून राहिली. रोज पहिला घास देते, तोही मलाच, आणि बघून राहिली.

हे मी कुणाला बोलले नाही. बाला तर नाहीच. बा मेंढरांशी बोलायचा तेवढाच बोलायचा. घरात आला की देव्हाऱ्याकडं एकदा बघायचा, तिथं खंडोबा, म्हसोबा, मरीआई, सटवाई असे सगळे टाक ओळीनं मांडलेले, आणि मग मान खाली घालून जेवायचा. मायकडं बघून तो कधी बोलत नसे. बोलला तरी चुलीकडं बघून. मला वाटायचं, नवरे असेच असतात.

ह्या आमच्या घरात एकच देव आला तो हिंगोलीच्या बाजारातून. बा तिथं मेंढरं विकायला जायचा. बाजारातल्या लिंबाखाली एक ख्रिस्ती पाळक उभे राहून बोलायचे, बारीक अंगाचे, सायकलवाले. लोक ऐकायचे, करमणूक म्हणून. त्या दिवशी ते मेंढपाळाची गोष्ट सांगत होते. एक मेंढरू हरवलं, तर तो बाकीचा सगळा कळप रानात सोडून त्या एकाला हुडकायला गेला, देव तसा आहे म्हणे. बाला राहवलं नाही. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेला माझा बाप मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तुमचा मेंढपाळ येडा हाय का? एकापायी सगळी रानात सोडतो व्हय? लांडगे काय जेवून बसलेत?" बाजार हसला. पाळकसाहेबही हसले. म्हणाले, "मी कधी मेंढरं राखली नाहीत. तुम्ही राखता. तुमचं एक हरवलं तर तुम्ही काय करता?"

"जाऊ देतो," बा म्हणाला.

हे सगळं मला पुढं पाळकसाहेबांनीच सांगितलं. म्हणाले, एवढं बोलला आणि तुझा बाप एकदम गप्प झाला. त्याचा चेहरा बघून मीच घाबरलो, की ह्या माणसाला मी काय विचारून बसलो! बा त्या दिवशी मेंढरं विकून न थांबता घरी आला आणि न जेवता झोपला. पुढच्या बाजाराला विकायला काही नव्हतं तरी गेला. त्याच्या पुढच्यालाही गेला. मग एक दिवस ती सायकलच आमच्या दारात आली.

पाळकसाहेब आमच्या घोंगडीवर बसायचे, भाकरी-ठेचा खायचे, ठसका लागला की डोळे पुसत पुन्हा खायचे. मायला ते आवडले ते त्यामुळंच. जेवण झालं की शास्त्रातलं सांगायचे. बा गुडघ्याला हात बांधून ऐकायचा. त्याचा एकच प्रश्न असायचा, तोही फिरून फिरून: "म्हंजी बराबर एकच? दुसऱ्या कुनाला इचारायचं न्हाई?" पाळकसाहेब म्हणायचे, नाही, एकच. बा पुन्हा विचारायचा, "एकानं हो म्हनलं तर दुसरा आडवा येत न्हाई?" नाही येत. बा श्वास सोडायचा. मला वाटायचं, काय एवढं! खंडोबा काय आणि म्हसोबा काय, कुणी आडवं आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

मग देवाच्या दहा आज्ञा आल्या. त्यातली पहिलीच अशी, की मला सोडून दुसरा देव मानायचा नाही. कारण मी ईर्ष्यावान आहे. ईर्ष्यावान म्हणजे काय, असं मी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, ज्याला दुसरं कुणी मध्ये आलेलं खपत नाही तो. मी म्हणाले, "दुसरा न्हाईच म्हन्ता ना? मंग त्यो जळतो कुनावर?" बा कडाडला, "ए पोरी, गप!" पाळकसाहेब म्हणाले, विचारू द्या. त्यांनी काहीतरी सांगितलंही, मूर्तींबद्दल, माणसाच्या मनाबद्दल, पण ते त्यांना स्वतःलाच पटलेलं दिसत नव्हतं. उत्तर दिलं ते मायनं, चुलीपाशी बसून, मान वर न करता. "त्यात काय एवढं? माही सवत मेली तरी जळती, मंग देव तर जिता हाय. त्याला पयलं द्यायचं, बाकीच्यायला मागून. मंग कुनी जळत न्हाई. मी न्हाई का करत?" आणि तिनं गळ्यातला टाक सारखा केला.

पाळकसाहेब "नाही नाही, तसं नाही" म्हणत राहिले. पण पुढं मी नर्सिंगला गेले, तेव्हा तिथल्या मिशनच्या दवाखान्यात रविवारी दुपारी शास्त्र शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. फार शिकलेल्या आणि फार तिखट. त्यांनी सांगितलं आणि मी वर्गातच हसले. म्हणाल्या, ही एका देवाची कल्पना काही एका दिवसात आकाशातून पडली नाही. शास्त्रातले हे यहुदी लोकही मुळात मेंढरं घेऊन हिंडणारे. ह्यांच्याही गाठोड्यांत घरचे लहान लहान देव असायचे. त्यांच्यातली एक लेक सासरी निघताना बापाचे देव चोरून उंटाच्या खोगिरात घालते आणि वर बसून राहते, शास्त्रातच लिहिलंय. शेजाऱ्यांचे देव खोटे, असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं. शेजाऱ्याचा तो शेजाऱ्याचा, आपला तो आपला, आणि आपल्याला पहिला मान त्याचा, एवढंच. म्हणजे माझी माय चुलीपाशी बसून बोलली तेच की! दुसरा नाहीच, हे त्यांना ठामपणे म्हणता आलं ते फार उशिरा, त्यांचं गाव जळाल्यावर, देऊळ पडल्यावर, परक्या मुलखात गुलाम होऊन राहिल्यावर. आपला देव हरला असं म्हणायचं, की आपल्याला मारलं तेही त्याच्याच हातानं असं म्हणायचं, हा पेच होता. त्यांच्यातल्या शहाण्यांनी दुसरं म्हटलं. हे ऐकलं आणि माझं हसू गेलं. मला बा आठवला. देव पुष्कळ असले की दोष वाटून टाकता येतो, थोडा ह्याचा, थोडा त्याचा. एकच उरला की दोषालाही एकच जागा उरते. नाही तर तो आपल्यापाशी येतो.

पण तेव्हा एवढं कुठलं कळायला. तेव्हा आमच्या घरात वेगळाच घोळ चालला होता, तो म्हणजे तिघांचा. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. शाळेत मला पोरं चिडवायची, "एक म्हन्तेत अन् तीन मोजतेत!" मी रडत घरी आले. नेमके पाळकसाहेब बसलेले. ते समजावून सांगायला लागले, पाणी, बर्फ, वाफ वगैरे. बर्फ आम्ही कुणी पाहिला नव्हता. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, त्यायची चूल एक हाय का येगळी?" पाळकसाहेब गोंधळले. "न्हाई, मंजी बापाचं अन् लेकाचं येगळं निगालं का? का एकाच चुलीवर खातेत?" पाळकसाहेब म्हणाले, एकाच. "मंग झालं की. मानसं कितीका असंनात, चूल एक तर घर एक. ह्याच्यात रडायचं काय गं?" पाळकसाहेब इतके हसले की ठसका लागला. पुढं त्यांनी हे आपल्या प्रवचनातही घातलं, मायचं नाव न घेता, ह्याचा मला अजून राग आहे.

बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं. कयाधूच्या पाण्यात, पाऊसकाळ संपून नदी निवळली की. पाळकसाहेबांनी सांगितलं, त्याआधी घरातले देव घराबाहेर जायला हवेत. थोरल्या चुलत्यानं बोलणं टाकलं. चुलती दारात येऊन कडाकडा बोटं मोडून गेली. पण बाचं मन काही हललं नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा ठाम दिसत होता. घाबरली होती ती माय. ती बौद्धवाड्यातल्या शांताबाईकडं गेली, तिच्यासोबत ती हळदीच्या रानात खुरपायला जायची. शांताबाईच्या घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा त्यांचेही देव नदीत गेले होते. मी मायचा पदर धरून होते. "कसं वाटलं गं तुला?" मायनं विचारलं. शांताबाई म्हणाली, "देव गेले त्याचं कायच वाटलं न्हाई, केरा. उलट हलकं वाटलं. पन त्या गाठोड्यात माझ्या सासूचा टाक बी गेला. कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं. लई जीव होता माझा म्हातारीवर. आता काय, नदीला इचारू का कुठं नेली म्हनून?"  येताना वाटभर माय टाक मुठीत धरून चालत होती.

आणि नेमकं तेच झालं. बानं देव्हारा उतरवला, टाक फडक्यात बांधले आणि मायपुढं हात पसरला. "ती बी दे."

माय कोकराला दूध पाजत होती. म्हणाली, "ही न्हाई."

"पाळकसाहेब काय म्हनले ते ऐकलं न्हाई का? एकच."

"एकच की. बाकीचे न्या. मी त्यायला नमस्कार बी करनार न्हाई. पन मी हिचं लेकरू संभाळून राहिले. लेकरू ठिवून घ्यायचं अन् हिला पान्यात ढकलायचं? मला न्हाई जमनार."

"तुला नदीत घेनार न्हाईत ते."

"नका घेऊ. राहीन कोरडी."

बा ओरडला. मी त्याला तसं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. माय कोकराचं तोंड पुसत उठली आणि हळूच म्हणाली, "तुमाला देव नको म्हनून न्हाई. तुमाला ती नको. माझ्या गळ्याकडं बगून तुमी येकदा तरी बोललात का, मला ह्या घरात आनल्यापासून?"  बा फडकं काखेत मारून वाड्याकडं निघून गेला.

मी भिंतीला टेकून उभी होते. आणि खरं सांगायचं तर मी बाच्या बाजूनं होते. माझ्या मनात येत होतं, जाऊ दे ना तिला. नदीत गेली की वरून बघणार नाही. मला रोज बघणार नाही. ज्या बाईनं माझ्यापायी जीव दिला तिचा माझ्याजवळ एवढाच पत्रा, आणि तो बुडावा असं मला वाटत होतं. हे वाटतंय हे कळत होतं, आणि मायनं जवळ घेतलं तेव्हा मी तिच्या छातीवर डोकं न ठेवता पोटाशी ठेवलं, म्हणजे टाक लागणार नाही.

नदीवर पाच-पंचवीस माणसं होती. हिंगोलीहून आलेली मंडळी गाणी म्हणत होती, थोडी बेसूर, पण मनापासून. काठावर गावातले बघे. चुलती पण होती, पदर तोंडाला लावून. बानं गाठोडं पाण्यात सोडलं आणि तो कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पाळकसाहेबांपाशी उभा राहिला. मागून माय उतरली. तिच्या ओल्या पदरातून काळा दोरा दिसत होता. पाळकसाहेबांनी तो पाहिला. त्यांना बिचाऱ्यांना काय करावं कळेना. हळू आवाजात म्हणाले, "केराबाई, हे राहिलं."

"न्हाई राहिलं," माय म्हणाली. "मुद्दाम ठिवलं."

गाणं थांबलं. पाळकसाहेब बाच्या तोंडाकडं बघायला लागले, बा पाण्याकडं. मला वाटलं, आता तो हात घालून दोरा तोडणार.  काठावरून चुलती म्हणाली, "बगा! पायाळीनं आईला येकदा खाल्लं, आता बाप दुसऱ्यांदा बुडवून राहिला!"

बानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मग मायच्या गळ्याकडं बघितलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

"ती देव न्हाई, साहेब," तो म्हणाला. "माझी बायको हाय ती. मी मारली तिला."

पाळकसाहेबांनी त्याचा दंड धरला. बा सोडवून घेऊन बोलतच राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उजाडतानाच कळा आल्या. सुईन म्हनली, पाय येऊन राहिला, हिंगोलीला न्या लौकर. मी बैलं जुंपली. तर भगत म्हनला, सटवाईनं आडवलं, आदी तिचं कोंबडं दे. दिलं. मंग म्हनला, म्हसोबा रुसला. त्याचं दिलं. मंग मरीआई. बैलं जुंपलेलीच उभी, ती घरात वरडून राहिली, अन् मी एका देवाकून दुसऱ्याकडं पळून राहिलो. निगालो तवा ऊन कललं होतं. पोरगी गाडीतच झाली अन् ही गेली. पोरीनं न्हाई मारलं. लेकराचा काय गुना? मीच. अन् वरून मी तिला टाकात घातलं, देव केलं. का, तर तिनं तोंड उगडू नाही म्हनून."

 मेंढरं लांब कुठंतरी ओरडत होती. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. शेवटी त्यांनी मायला विचारलं, "ही देव नाही ना?"

"न्हाई," माय म्हणाली. "गंगा हाय."

"मग असू द्या गळ्यात," ते म्हणाले, आणि तिला पाण्यात घेतलं.

पुढं ह्या गोष्टीवरून मंडळींत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं कानावर आलं. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

आता जे लिहायला ह्या वयात बसले ते लिहिते. माझा बाप पाण्यात उभा राहून गाव ऐकत असताना रडत होता, थरथरत होता, आणि मी काठावर उभी राहून आनंदानं फुलून गेले होते. मी नाही मारलं! त्यानं मारलं! माझ्या पायांकडं मी बघितलं, चिखलानं भरलेले, आणि ते मला पहिल्यांदा माझे वाटले. त्याच्यासाठी मला काडीचंही वाईट वाटलं नाही. घरी येताना मी उड्या मारत आले. मायनं कुंकू लावणं सोडलं, टाकाला तुकडा लावणंही सोडलं; प्रार्थना करून पहिला घास माझ्याच तोंडात घालायची. बोलणं मात्र सोडलं नाही. "गंगे, बग," चालूच. बा पण तिच्या तोंडाकडं बघून बोलायला लागला, कधी हसायचाही. घर खरंच एका चुलीचं झालं. त्यात मीच तेवढी बापापासून लांब लांब राहिले. आपला भार त्याच्या पाठीवर गेला ना, तो परत आपल्याकडं येऊ नये म्हणून मी जपत होते.

शिकले, नर्स झाले. पायाकडून येणारी लेकरं ह्या हातांनी सुखरूप बाहेर काढली, आणि दर वेळी मला बैलं जुंपलेली दिसायची. राग यायचा. किती सोपं होतं, नुसतं निघायचं होतं! बा म्हातारा झाला तेव्हा मी त्याला आणि मायला हिंगोलीला माझ्याकडं आणलं. त्याचं सगळं केलं, हगणं-मुतणं काढलं, औषधं वेळेवर दिली. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी. मी ऐकून घ्यायची.

हळदीचे दिवस होते, बाजारातून शिजल्या हळदीचा वास घरभर यायचा. दुपारी मी त्याच्या अंगाखालची चादर बदलत होते. बा म्हणाला, "सखू, तुझ्या आईनं मला माफ केलं का न्हाई, ते काय मला कळायचं न्हाई आता. तू करती का?"

हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द. जिभेवर आलाही असेल. पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून शहाणपण बाहेर पडलं. मी चादर ताणत म्हणाले, "माफ करणारा एकच असतो, बा. तूच शिकवलंस ना?"

 "व्हय," बा म्हणाला. "बराबर हाय." आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. पुन्हा त्यानं विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. मातीला सगळी मंडळी आली होती, पाळकसाहेब थकलेले, काठी टेकत आलेले, तेही. घरी आल्यावर माय माझ्याजवळ बसली. ती त्या दुपारी दाराआड होती, हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "तुझं उत्तर खरं होतं गं. पन त्यानं तुला देव म्हनून न्हाई इचारलं, लेकी. तिची लेक म्हनून इचारलं." एवढंच. त्याबद्दल ती मला पुन्हा कधी बोलली नाही, रागावली नाही, मरेपर्यंत माझ्या केसांना तेल लावत राहिली.

जाताना तिनं टाक माझ्या हातात दिला. मी तो गळ्यात घालत नाही. उशाशी डबीत असतो. नात विचारते, आजी, आपण तर ख्रिस्ती ना, मग हा देव कसा? मी म्हणते, देव नाही गं, माझी आई आहे. सकाळी प्रार्थना होते, त्या एकाचीच. क्षमा मागते आणि ती मिळते, असं मी मानते, त्यात खोट नाही. मग डबी उघडते, आणि मायची सवय मलाही लागलेली, "गंगे, बग," म्हणून घरातल्या चार गोष्टी सांगते. गुडघ्याचं सांगते, नातीचं सांगते. आईशी बोलता येतं मला. पण जे सांगायचं राहून गेलंय ते तिला नाही, बाला सांगायचंय: केलं माफ, बा, केव्हाच केलं. आणि बाचा टाक कुणी केला नाही. तो ख्रिस्ती होऊन गेला.